मेलेल्या एर्मेकचा विक्रम

१

एर्मेक असानालीएव वसंतात मेला आणि जूनमध्ये त्यानं तुयुक घळीच्या चढणीचा विक्रम मोडला.

काराकोल गावच्या सायकलवाल्यांना त्यात पहिली काही मिनिटं तरी काही वावगं वाटलं नाही. फोनवर झळकलं, 'एर्मेक आता या चढणीचा राजा!' आणि सगळ्यांनी सवयीनं अंगठे उमटवले. एकानं खाली लिहिलं, 'वाघ आहेस!' दुसऱ्यानं लिहिलं, 'पुढच्या रविवारी मलाही ने रे.' मग कुणाला तरी आठवलं की आपण सगळे याच्या मयताला गेलो होतो आणि घोड्याचं मटण दोनदा वाढून घेतलं होतं.

ज्याने 'मलाही ने' लिहिलं होतं त्याने ते घाईघाईने पुसलं आणि मशिदीत जाऊन आला.

या मंडळींचं सगळं आयुष्य त्या ॲपमध्ये होतं. सायकलच्या दांडीवर डबीएवढा मीटर बसवायचा, छातीला पट्टा बांधायचा, की कुठून कुठे गेलात, किती वेगात गेलात, काळीज किती धडधडलं, सगळं आपोआप चढायचं. मग बाकीचे ते बघून अंगठा द्यायचे आणि मनातल्या मनात जळायचे. आकडा पूर्ण भरावा म्हणून घरी पोचल्यावर अंगणात कोंबड्यांभोवती चकरा मारणारे महाभाग त्यांच्यात होते. मीटर चालू करायला विसरलेला माणूस तर घरी येऊन असा बसायचा, जसं काही तो कुठे गेलाच नव्हता.

विक्रमाबद्दल तंटा झाला की निवाडा करायचे मेदेरबेक तोकोनोव. त्यांच्या नावावर एकही विक्रम नव्हता आणि होण्याची भीतीही नव्हती. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ते सायकल चालवायचे, आणि अशी चालवायचे की कुत्रीसुद्धा मागे लागायची नाहीत. नोकरीची सगळी वर्षं गेली विम्यात, मेलेल्या गुरांचे दावे तपासण्यात. कागदावर मेलेली गाय पुढच्या गावात दूध देताना त्यांनी कैकदा पकडली होती. तेव्हा मेलेला एर्मेक डोंगर चढतोय म्हटल्यावर सगळे आपल्या या आकेंकडे, थोरल्या भावाकडेच आले.

"आके, हे भूत नाही," वादिम म्हणाला. सायकलींचं दुकान त्याचं आणि मोडलेला विक्रमही त्याचाच. "भुताला मीटर लागत नाही. एर्मेकचा मीटर कुणीतरी वापरतंय. आणि तो मीटर त्याच्या प्रेताजवळून गेला होता."

कुणी नाव घेतलं नाही. सगळ्यांनी फक्त तिलेककडे बघितलं. एर्मेक पडला तेव्हा त्याच्याजवळ एकटा तिलेकच होता.

२

"मढ्यावरचं चोरणारा," वादिम दुकानात चेन पुसता पुसता म्हणाला. "हे मी म्हणत नाही. गाव म्हणतंय."

"गावाला कोण म्हणालं?" मेदेरबेकनी विचारलं.

वादिमनं चेन जास्त मन लावून पुसली.

"तिलेकचं लग्न ठरलंय ना सप्टेंबरात?"

"ठरलं होतं. मुलीच्या बापानं निरोप धाडलाय. मीटरचं काय ते आधी मिटवा, मग साखरपुड्याचे कानातले घाला म्हणतो." वादिम हसला आणि मग त्यालाच ते बरं वाटलं नसावं. "मला कुणाचं वाईट करायचं नाही हो आके. पण अपघातानंतर सायकल माझ्याकडेच आणली होती. चाक वाकडं होतं, मी फुकट सरळ करून दिलं. मीटर नव्हता. मग गेला कुठं?"

"तुझ्याच दुकानात राहिला नसेल कशावरून?"

"म्हणजे मीच माझा विक्रम मोडला? आणि मेलेल्या माणसाच्या नावावर?" वादिमचा चेहरा लालबुंद झाला. "आके, मी माझ्या सख्ख्या मुलाला त्या चढणीवर पुढे जाऊ दिलेलं नाही!"

हे मात्र खरं होतं. सगळ्या काराकोलला माहीत होतं. वादिमचं नाव मेदेरबेकनी तिथल्या तिथे मनातून काढून टाकलं.

"बरं, मग हा जो कोणी आहे तो गाडीत मीटर टाकून जात असेल. जीपवाला एखादा."

"तेच तर डोकं खातंय." वादिमनं फोन पुढे केला. "बघा. वर जाताना वारा. असा चढलाय की मला रडू आलं. आणि उतरताना? म्हातारी! पाऊल पाऊल. अहो, उतारावर तर सायकल आपोआप पळते, बसून नुसतं देवाचं नाव घ्यायचं. हा उतारावर घाबरतो! आणि हे बघा, ओढ्यावर पूल आहे, तर हा पुलाच्या शेजारून पाण्यातून गेलाय. मग मधेच गवतात थांबलाय. कितीतरी वेळ. तिथं ना दुकान, ना बाई."

"जीप उतारावर घाबरत नाही," मेदेरबेक पुटपुटले. "मोटरसायकल?"

"मलाही तेच वाटलं. मग हे बघितलं." वादिमनं बोट खाली सरकवलं आणि आवाज उतरवला. "छातीचा पट्टा चालू आहे, आके. गवतात थांबला तेव्हा ठोके चाळिशीच्याही खाली. मी जन्मभर घाम गाळून एवढं शांत काळीज कमावू शकलो नाही. आणि चढावर दोनशेच्या वर."

बाहेर पाऊस भुरभुरायला लागला होता.

"मोटरसायकलला काळीज नसतं," वादिम म्हणाला. "म्हणजे कुणीतरी जिवंत आहे."

३

तिलेक खिडक्या बनवण्याच्या कारखान्यात कामाला होता. जेवणाच्या सुट्टीत मेदेरबेक त्याला बाजारातल्या आश्लान-फूच्या टपरीवर घेऊन गेले. आंबट-तिखट गार शेवया त्यांनी दोन वाट्या मागवल्या आणि शेवटी दोन्ही त्यांनाच खाव्या लागल्या. तिलेक वाटीत बघत बसला होता.

"सायकल का सोडलीस?"

"मन होत नाही."

"मीटर कुठाय?"

"त्याच्या खिशात."

"कुणाच्या?"

"एर्मेकच्या. मी ठेवला होता. जाकिटाच्या खिशात, चेन लावून. हे मी सगळ्यांना सांगितलं, आके. कुणी ऐकलंच नाही."

"सायकलवरचा मीटर काढून खिशात ठेवलास? माणूस मरून पडलाय आणि तुला आवराआवर सुचली?"

तिलेकनं मान खाली घातली. मेदेरबेकनी आयुष्यात शेकडो खोटारडे बघितले होते. मेलेल्या गाईसाठी ते सगळे धाय मोकलून रडायचे. हा रडत नव्हता.

"तुमच्याशिवाय कुणाला सांगणार नाही," तो म्हणाला. "आणि तुम्ही पण सांगू नका."

"बघू."

"आम्ही सगळे मागेपुढे होतो. वादिम आणि बाकीचे पुढे निघून गेले, मागे बघायला कुणाला वेळ होता? मी शेवटच्या वळणावर आलो तर एर्मेक आडवा. चढण जिथं संपते तिथंच, दोन हात पुढे. मीटर चालूच होता, आके. आकडे पळत होते. त्या दिवशी तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला चढला होता. मला वाटलं, पाय घसरलाय, आत्ता उठेल आणि मला शिव्या घालेल, की गाढवा, बघत काय बसलास, माझा वेळ वाया चाललाय." त्यानं ओठ चावला. "म्हणून मी आधी बटण दाबलं."

"आधी म्हणजे?"

"त्याला हात लावायच्या आधी. मीटर थांबवला, सगळं नीट साठवलं. 'शाब्बास, आजची सवारी जपून ठेवली' असं त्याच्यावर आलं. मग मी त्याला उलटा केला."

मेदेरबेकनी वाटी बाजूला सारली.

"त्या शेवटच्या सवारीला किती अंगठे आलेत माहितीय?" तिलेक म्हणाला. "माझा पण आहे त्यात."

४

एर्मेकची बायको मीरगुल काळा रुमाल बांधून दारात उभी होती. इतकी वाळली होती की रुमालाचंच वजन जास्त वाटत होतं. तिनं पाव आणि करवंदासारख्या आंबट फळांचा मुरंबा पुढे ठेवला, स्वतः मात्र काही घेतलं नाही.

"त्याच्या खिशातला मीटर?"

"त्याचं सगळं सामान मामंजींनी वर नेलं. जायलूला, उन्हाळी कुरणावर, घोड्यांबरोबर. मला बघवत नव्हतं, मीच म्हटलं न्या."

"त्याची नाडी कशी असायची गं? शांत?"

"शांत कुठली! नुसता बसला तरी पळून आल्यासारखी. डॉक्टर म्हणाले होते जपा. तर हा जपायच्या ऐवजी डोंगर चढायचा आणि मला फोन दाखवायचा, बघ किती जणांनी वाहवा केली." तिने खिडकीकडे बघितलं. खिडकीत एर्मेकचा फोन होता. चार्जरला लावलेला, पुसून लख्ख केलेला.

"अजून चालू ठेवलायस?"

"चालू राहू दे की. मेल्यावर महिनाभर नुसता दगड होऊन पडला होता. आता वाजतो अधूनमधून. मामंजी घोडीच्या दुधाचं कुमीस विकायला खाली उतरतात ना, त्या दिवशी नेमका. टिंग टिंग टिंग, संध्याकाळभर. मी उघडून बघत नाही. बघितलं तर थांबेल असं वाटतं." ती पहिल्यांदा थोडी हसली. "त्या दिवशी मला भूक लागते. मामंजी म्हणतात, बघ, त्याच्या मित्रांनी त्याला टाकलेलं नाही."

मेदेरबेक उठले. टाकलेलं नाही! त्याच्या मित्रांनी तर डोंगरावर मागे वळूनही बघितलं नव्हतं.

निघताना ते गोठ्यात डोकावले. एर्मेकची सायकल भिंतीला टेकून होती. चाक सरळ होतं, पण मागचा मडगार्ड करवतीनं कापलेला, आणि बसायची सीट उलटी, टोक मागे.

"या वादिमला काही कळतं का!" मेदेरबेक वैतागले. "सीट उलटी बसवून दिली."

"वादिमनं नाही हो आके. मामंजींनी केलं ते. मडगार्ड पण त्यांनीच कापला. मी विचारलं तर म्हणाले, रीत आहे."

मेदेरबेक दाराची चौकट धरून उभे राहिले. शेपटी कापलेली. खोगीर उलटं. त्यांचे आजोबा गेले तेव्हा आजोबांच्या घोड्याचं असंच केलं होतं. शेपटी छाटायची, खोगीर उलटं टाकायचं, मेलेल्या धन्याच्या वस्तू त्यावर बांधायच्या, आणि वर्षभर त्याच्यावर कुणीही बसायचं नाही.

"बाई गं," ते म्हणाले. "आणि आम्ही इतके दिवस माणूस शोधतोय."

५

जायलूला जाताना मेदेरबेकनी तिलेकला बरोबर घेतलं. वादिमला घेतलं नव्हतं, पण तो जीप घेऊन दारात हजर झाला.

"नाव सांगा फक्त," तो वाटेत म्हणाला. "तिलेक नाही, मी नाही, एर्मेकचा बाप, म्हातारा असानाली तर काठी घेऊन चालतो. मग चढतो कोण?"

"मी सांगतो तसं ऐक. चढावर ज्याला जोर येतो आणि उतारावर जो पाय जपून टाकतो. पूल दिसला तर बुजतो आणि पाण्यातून जातो. वाटेत गवत दिसलं की थांबतो. थांबला की ठोके चाळिशीच्या खाली, पळाला की दोनशेच्या वर. एवढं खाली आणि एवढं वर आपल्यासारख्या माणसाचं काळीज एका दिवसात जात नाही, गेलं तर त्याचा एर्मेक होतो. वर, मीटरमधलं सगळं ॲपमध्ये चढतं ते नेमकं म्हातारा कुमीस विकायला मीरगुलच्या घरी येतो त्याच दिवशी, कारण तिथं एर्मेकचा फोन आहे. यंत्र फोनच्या शेजारी आलं की पोटातलं सगळं ओकून टाकतं. आता तू सांग, कोण?"

वादिमनं करकचून ब्रेक दाबला.

"नाही," तो म्हणाला.

"हो."

"नाही! मला घोड्यानं हरवलं?"

मागच्या सीटवर तिलेक तोंडावर हात ठेवून हादरत होता. हसत होता की रडत होता, कळायला मार्ग नव्हता.

घोडा तंबूच्या मागे चरत होता. काळा, शेपटी छाटलेली. पाठीवर उलटं खोगीर, खोगिराला एर्मेकचं निळं हेल्मेट आणि तंग विजार बांधलेली. गळ्यातल्या दोरीत मीटर. छातीचा पट्टा खोगिराच्या पोटपट्ट्याखाली खोचलेला, पुरत नाही म्हणून सुतळी जोडून वाढवलेला.

असानाली आकेंनी पाहुण्यांना कुमीस दिलं आणि चोरी पकडली गेल्यासारखे नाही, तर कुणीतरी अखेर विचारायला आलं याचा आनंद झाल्यासारखे बोलायला लागले.

"त्याचा घोडा कुठं होता? जन्मभर त्या लोखंडावर बसला. लोखंडाची रीत केली मी, पण लोखंड कुरणावर येत नाही ना. मग त्याच्या वस्तू याच्या पाठीवर घातल्या. ही डबी त्याच्या जाकिटाच्या खिशात सापडली, त्याला शेवटची आंघोळ घालताना. चेन लावलेली होती."

मेदेरबेकनी वादिमकडे बघितलं. वादिम कुमिसाच्या वाटीत बघत होता.

"मोठं बटण दाबून तो निघायचा, मी बघितलंय. बंद दिवा घेऊन वाटेला कोण लागतं? मी पण दाबतो. मी खाली गेलो की हा मोकळा माझ्यामागे येतो आणि परतताना घळीच्या तोंडाशी आला की याला वरच्या घोड्यांचा वास येतो, मग बाप आठवत नाही की काठी." म्हातारा खुदकन हसला. "ही डबी पहिल्यांदा खाली नेली तेव्हा सूनबाईकडे फोन वाजायला लागला. पोरीनं भांडंभर भात खाल्ला. तेव्हापासून दर खेपेला नेतो. का रे? काही चुकलं का माझं?"

"नाही आके," तिलेक चटकन म्हणाला. मग मेदेरबेकना बाजूला ओढून त्यानं हात धरला. "कुणाला सांगायचं नाही. मी चोर तर चोर. कळलं तर ॲपवाले सगळं बंद करतील. फोन वाजायचा थांबेल."

"आणि तुझं लग्न?"

"तिनं भांडंभर भात खाल्ला म्हणतायत, आके."

मेदेरबेक परत तंबूकडे वळले. वादिम जागेवर नव्हता. तो वरच्या टेकाडावर उभा होता, हात आभाळाकडे, हातात फोन. जायलूला तेवढ्याच एका जागी रेंज येते.

"वादिम!"

"घोड्याचा फोटो टाकला!" तो आनंदानं ओरडला. "सगळी हकिगत लिहिली! आके, अंगठे बघा, पाऊस पडतोय!"

६

वादिमचा विक्रम त्याला परत मिळाला. 'सायकल सोडून इतर वाहन' असा शेरा मारून ॲपवाल्यांनी घोड्याच्या सगळ्या सवाऱ्या काढून टाकल्या, आणि चौकशीत खातेदार हयात नसल्याचं कळल्यावर खातंही बंद केलं. फार सभ्य पत्र पाठवलं, फुलाच्या चित्रासकट. वादिमनं पुन्हा राजा झाल्याची बातमी टाकली. तिला कुणी अंगठा दिला नाही, पण ते दुःखानं नव्हे. सगळे घोड्याचा फोटो दुसऱ्यांना पाठवण्यात गुंतले होते.

तिलेकच्या होणाऱ्या सासऱ्यांनी मोठ्या मनानं निरोप धाडला की आमचा तर आधीपासूनच विश्वास होता.

असानाली आके कुमीस घेऊन खाली आले त्या दिवशी तिलेक मेदेरबेकच्या दारात उभा राहिला. "चला माझ्याबरोबर. एकट्याला जमणार नाही."

"तुझं नाव साफ झालंय. तो बटणाचा विषय माझ्याजवळच राहील. कुणाला कळायचं काही कारण नाही."

"चला, आके."

मीरगुलनं दोघांना बसवलं. म्हातारा मीटर फोनशेजारी ठेवून, मांडीवर हात घेऊन वाट बघत बसला होता. कुणी त्याला नीट समजावलं नव्हतं, किंवा समजावलेलं त्याला पटलं नव्हतं. फोन गप्प होता. चुलीवर भात शिजत होता आणि कुणी झाकण काढत नव्हतं.

तिलेकनं सगळं सांगितलं. वळण, पुढे पसरलेले हात, पळणारे आकडे, बटण. मधे एकदाही थांबला नाही. जणू थांबला असता तर परत सुरू करता आलं नसतं.

"तेव्हा तो जिवंत होता?" मीरगुलनं विचारलं.

"माहीत नाही. मी आधी बटण दाबलं."

तिने चहाची किटली उचलली. त्यांच्याकडे पाहुण्याला चहा अर्धा पियालाच ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो, पाहुणा बसतो. मीरगुलनं तिलेकचा पियाला काठोकाठ भरला. पी आणि नीघ. इतका भरला की चहा खाली अंथरलेल्या दस्तरखानावर सांडला. असानाली आकेंनी मान दुसरीकडे वळवली. मेदेरबेकनी आपला पियाला हळूच खाली ठेवला.

तिलेकनं वाफाळता चहा तसाच पिऊन टाकला. डोळ्यांत पाणी आलं ते पोळल्यामुळे असावं. रिकामा पियाला तिच्यापुढे ठेवून तो उठला, बूट शोधायला लागला.

"थांब," मीरगुल म्हणाली.

त्याच्याकडे न बघताच तिनं तो पियाला पुन्हा किटलीखाली धरला. चहा पडायला लागला आणि मध्यावर येऊन थांबला.

तिलेक परत खाली बसला.